एकोणीस नंबरचा पंप

सातपूरच्या थांब्यावर माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या. नवरे एकाच कारखान्यात कामाला.

"कंपनीच्या सहलीला तुम्ही यायला हवं होतं, मंगलाताई. डहाणू, तेही फुकट."

"सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं गं. पोरं हिरमुसली. हे म्हणाले, समुद्र कुठं पळून जातोय?"

"आमची वेदिका पाण्यात गेलीच नाही. बोटी दिसल्या तसं तिचं एकच, इंजिनातला पप्पांच्या कंपनीचा पंप बघायचा."

"मग?"

"एका मच्छीमाराने फळी उचलून इंजिन दाखवलं. पंप आपलाच."

"अगंबाई."

"बनवणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो ना, तो पोरीने ओढणीने तेल पुसून वाचला."

"शेखरभाऊंचा निघाला?"

"नाही. एकोणीस."

"एकोणीस तर आमचे हे."

"म्हणून तर सांगतेय. वेदिका त्याला म्हणाली, हा आमच्या सुनीलकाकांनी केलाय. तो म्हणाला, सहा वर्षं झाली, भर समुद्रात एकदाही दगा दिला नाही."

मंगलाताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ताई, बस आली."

"जाऊ दे ही. तो काय म्हणाला, परत सांग."