दारावरचा आकडा

(पेठजवळचा एक पाडा, १९९९. भागीबाईंचं अंगण, सकाळचे अकरा.)

सविता : काल संध्याकाळी इथंच होता. गेरूनं काढलेला सात. मी माझ्या हातानं लिहिलाय.

भागीबाई : मला नाय दिसत.

सविता : कसा दिसेल मावशी, वर शेणानं सारवलंय. ओलं आहे अजून.

भागीबाई : घर माझं, कूड माझा. सारवायला तुला इचारू का?

सविता : एकट्या तुम्ही असता तर बोलले नसते. नऊ भिंतींवर आकडे घातले होते, नऊच्या नऊ सारवल्यात. एकाच सकाळी. सण आहे का आज काही?

हिरामण : सण नाय. राम राम, मॅडम.

सविता : हिरामणभाऊ, बरं झालं आलात. तुमच्या वहिनींना जरा सांगा ना... ही माझी पिशवी तुमच्या हातात कशी?

हिरामण : शाळेतून आणली. समदं भरलंय, रंगाचे डबे बी. दोनची यष्टी हाय पेठला. म्हटलं, तुमाला वझं नको.

सविता : पण मी महिनाभर राहणार आहे. आज तर सहावा दिवस.

हिरामण : लय झाले.

सविता : असं काय केलं मी? पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. संस्थेनं पाठवलंय, इथं राहायचं, तुमच्याबरोबर भिंतींवर चित्रं काढायची. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

भागीबाई : माना आमी तवा बी डोलावल्या व्हत्या.

सविता : केव्हा?

हिरामण : वहिनी, कशाला तिला सांगतीस?

भागीबाई : सांगू दे की. आमाला बी कळतंय, हे तिला कळू दे. पोरी, माझं माहेर धरणात गेलं. मी बाळंतपणाला गेले व्हते तिथं. असाच एक माणूस आला, झोळीवाला. लय गोड बोलायचा. आमच्यातच बसून नागलीची भाकर खायाचा. घर बघायचा, वहीत लिव्हायचा. मंग एक दिस दारादाराव डांबरानं आकडे घातले. माझा बा हसला. म्हणला, सरकार काय तरी देतंय वाटतं. दोन पावसाळे गेले, अन पाणी आलं.

सविता : मावशी, माझे आकडे चित्रांचे होते हो. कुठली भिंत आधी रंगवायची, कुठली नंतर, एवढंच.

हिरामण : ते आमाला कसं कळावं?

सविता : मला विचारायचं होतं.

भागीबाई : तू इचारलं व्हतं? आकडा घालायच्या आधी?

सविता : नाही. नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते मी. समोर मोकळी भिंत दिसली की हात जातोच... नाही विचारलं. चुकलं माझं.

हिरामण : चुकलं म्हणायला काय जातंय. या वहीचं सांगा. हे पान. वरच्या टेकावर बसून आख्खा पाडा काढलाय. घरं, विहीर, ओहळ, अन ही आमची नागलीची वावरं. ती जमीन सरकार फारेष्टात धरतं, कागदाव दिसली तर काढून घेतील, ठावं हाय का?

सविता : नव्हतं माहीत. पण तुम्ही माझी वही उघडलीत?

हिरामण : तुमी आमची घरं बघितली, आमी तुमची वही बघितली.

सविता : ते पान संस्थेसाठी आहे. शेवटी अहवाल द्यायचा असतो. किती घरं, कुठं काय आहे.

हिरामण : मंग तो कागद कुठं जातो?

सविता : संस्थेच्या ऑफिसात. पुण्याला.

हिरामण : अन तिथून?

सविता : तिथून... माहीत नाही.

भागीबाई : त्या झोळीवाल्याला बी नव्हतं माहीत. पाणी आल्याव परत आला व्हता एकदा. काठाव बसून रडला. मी त्याला पोटभर शिव्या दिल्या.

सविता : हिरामणभाऊ, वही द्या.

हिरामण : देतो. यष्टीत बसल्याव.

सविता : मग तुम्हीच फाडा ते पान. मावशींच्या चुलीत घाला.

हिरामण : अन अहवाल?

सविता : नाही देणार. फार तर काय, पुन्हा बोलावणार नाहीत. चार वर्षं अर्ज करत होते मी, तेव्हा कुठं हे पहिलं काम मिळालं. बाबा म्हणत होते, शाळा सोडून रानात कशाला चाललीस. आज सहा दिवसांत परत गेले की त्यांचंच खरं होणार. लाज वाटेल मला. पण तुम्ही फाडा.

भागीबाई : आण ते इकडं, हिरामण. चूल पेटतीच हाय... हां. गेलं.

हिरामण : पान जळलं म्हणून माणूस खरा होत नाय, वहिनी. डोक्यात ऱ्हातंच की समदं.

भागीबाई : ऱ्हाऊ दे. पोरी, माझ्या कुडाव काय काढणार व्हतीस तू?

सविता : हेच घर. दारातला फणस, ही तुमची शेळी.

भागीबाई : ते नाय काढायचं. हे घर वहीत नको अन कुडाव बी नको.

सविता : बरं. नाही काढत.

भागीबाई : माझ्या माहेरचं काढ.

सविता : ते मी पाहिलेलं नाही, मावशी.

भागीबाई : मी सांगते ना. ते बुडालंय, त्याला आता कोण नेतंय?

हिरामण : वहिनी, यष्टीचं काय?

भागीबाई : यष्टी उद्या बी येती. ठेव ती पिशवी. आत नको, अंगणातच ऱ्हाऊ दे. बस गं तू. वही नको घेऊ, आधी ऐक. दार उगवतीला. उंबऱ्याच्या आत आयचं जातं. डाव्या अंगाला आंबा, त्याची एक फांदी पार कौलाव आलेली.

सविता : दार कसं होतं?

भागीबाई : सागाचं. बानं सोता केलेलं. वरच्या फळीव डांबरानं सतरा लिव्हलं व्हतं.

सविता : हं.

भागीबाई : ते नको काढू.