दोराला लागलेले हात

आदरणीय अध्यक्ष आर्थर मास्तर, व्यासपीठावरील पाहुणे, मिठबावच्या रापण संघाचे सभासद, आणि खुर्च्या असूनही मागे उभ्या राहिलेल्या बायांनो,

आजचे सत्कारमूर्ती दाजी, त्यांनी आत्ता श्रीफळ डाव्या हाताने घेतलं. पाहुण्यांना खटकलं असेल, म्हणून आधी तेच सांगते.

मी इथलीच. वेंगुर्ल्याला कॉलेजात व्यवस्थापन शिकवते. यंत्र आलं की संस्था कशी बदलते, याचे सिद्धांत मुलांना सांगते. एक म्हणतो, यंत्र संस्थेला आपल्या मापाने कापतं. दुसरा म्हणतो, माणसंच यंत्राला आपल्या वळणावर नेतात. दोन्ही पटतात. पण या कापण्या-वळवण्यात हाड कुणाचं मोडतं, ते कुठे लिहिलंय?

आपल्या रापणीत किनाऱ्यावरून जाळं ओढताना दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा. मग ती म्हातारी का असेना. गेल्या वर्षी दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, विंच, आला. तो चालवायचा दाजींचा मुलगा देवेश. पहिल्याच दिवशी म्हणाला, “दोर यंत्र ओढता. आता ह्यांका वाटो कित्याक?”

दोर ओढणाऱ्यांतली सुगंधाकाकी म्हणाली, “मगे यंत्र बांगडे खाता काय रे?”

लोक हसले. तेवढंच हसणं. कुणीतरी काकीला ढकललं. दोरावरच्याच रोनीने ढकलणाऱ्याच्या तोंडावर वल्हं हाणलं, दात वाळूत पडले. मग दगड आले, कोयते आले. तडफडणाऱ्या मासळीवर माणसांचं रक्त उडालं. दाजी, रापणीचे तांडेल म्हणजे म्होरके, मध्ये पडले, आणि देवेशचं वल्हं त्यांच्या उजव्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजून ऐकते.

दाजींनी डाव्या हाताने विंचचा दोर कमरेला गुंडाळला. “चालू कर,” मुलाला म्हणाले. “ओढ माका. बघुया, माझो वाटो कितको येता.”

देवेशने कळ दाबली. हे मी गाळणार होते, दाजीच म्हणाले, “सगळां सांग गो.” ते तोंडावर आपटले, फरपटत गेले. सुगंधाकाकीने दोर धरला, तळव्यांची सालं निघाली तरी सोडला नाही. मग दुसरीने धरला. मग मारामारी करणाऱ्यांनीही. विंच गुरगुरत जागीच अडला. देवेशने तो बंद केला आणि वाळूत बसून रडला.

विंच आजही आहे. आधी सगळे दोराला हात लावतात, मग तो सुरू होतो.

संघाने मला बोलू दिलं, त्याबद्दल ऋणी आहे. शब्द कमीजास्त गेला असेल तर आपल्या माहेरवाशिणीचा म्हणून पोटात घाला.

देवेश, उद्यापासून तांडेल तू. दाजींचा उजवा हात आता वर जात नाही. कळ दाबण्याआधी तो तूच उचलून दोरावर ठेव.