क्रेनवर दादा, खाली मी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मॅनेजरसाहेब, प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी आणि यार्डातल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सत्कारमूर्ती वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि मी खाली इशारे करायला, अशी आमची जोडी. त्यामुळे माझा हात चालतो, तोंडाला सवय नाही. सांभाळून घ्या.

मला बरेच दिवस एक कोडं पडलंय. माणूस माणसाशी बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? शब्द तर आमच्यात नव्हतेच. मूठ वळली की थांब, बोट वर केलं की उचल, तळवा खाली केला की सोड. वरून घंटा वाजली की समजायचं, पोचलं. नाही वाजली तर पुन्हा सांगायचं. एकदा कानाशी माशी घोंघावत होती म्हणून मी हात झटकला, तर भलामोठा पाइप हवेतच थांबला! सगळे माझ्याकडे बघतायत, मी माशीकडे. हसा, हसा. मॅनेजरसाहेब त्या दिवशी हसले नव्हते. पण बघा, मला काहीच सांगायचं नव्हतं, तरी वर निरोप पोचला. हे कसं काय?

आणखी एक. एका सकाळी मला कणकण होती. घरी बायकोलासुद्धा कळलं नव्हतं. दादानं मात्र थोड्याच वेळात क्रेन थांबवली आणि सुपरवायझरकडून सांगून पाठवलं, "त्याला घरी धाडा, त्याचा हात जड झालाय." एवढ्या उंचावरून माझा चेहराही धड दिसत नाही. मग कळलं कसं? मी अजून विचार करतोय.

आता, स्वतः येऊन का नाही बोलले, असं नव्या मंडळींना वाटेल. जुन्यांना ठाऊक आहे. सत्कारमूर्ती माझे सख्खे थोरले भाऊ. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं, तेव्हापासून अबोला आहे. कुणाचं चुकलं ते इथे उगाळत नाही, पाहुण्यांना पुढे जायचंय.

गंमत अशी की, घरी तोंड बघायचं नाही आणि कामावर दिवसभर एकमेकांवरून नजर हटवायची नाही. माझ्यापासून चार हातांवर तो टनभर लोखंड उतरवायचा, पण मला कधी भीती वाटली नाही. वहिनी, याला बोलणं म्हणायचं की नाही? मला वाटायचं, एवढं पुरे आहे.

परवा फलकावर दादाच्या निवृत्तीची नोटीस लागली, ती मी तीनदा वाचली. सोमवारी केबिनमध्ये दुसरा माणूस बसेल. आमच्या इशाऱ्यांत उचल आहे, सोड आहे, थांब आहे. "कसा आहेस?" याला इशाराच नाही. आणि मला तर तेवढंच विचारायचं होतं.

अध्यक्ष महोदय, मॅनेजरसाहेब, आयोजक मंडळी, आपण मला इथे उभं केलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

शेवटचं एकच. माइकवरून विचारू नये खरं, पण खाली उतरलो की माझा धीर सुटेल. दादा, रविवारी घरी जेवायला येशील? वहिनी, तुम्ही नका सांगू, त्याला सांगू द्या. आणि नुसती मान हलवू नकोस, दादा. मला तुझा आवाज ऐकायचाय.