बिनरसायनाची बाटली

हॅलो?

हां, बोल गं छोटे. लॅबमध्येच आहे, पण बोल… थांब, हातमोजे काढते.

हं… वीस बाटल्या खपल्या? सगळ्या तुझ्या बिल्डिंगमध्येच?… छान. नाही, छानच म्हणाले. टोमणा कसला त्यात?

…आई कुठे आहे म्हणालीस?

अगं, डोळ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेत. हो, डॉक्टरांनी केस धुवायला सांगितलं, ते कळलं. कशाने धुतेय ती?

…तुझ्या शाम्पूने.

ऐक, आधी बाथरूमचं दार वाजव. का ते नंतर सांगते. फोन हातातच धर आणि जा. जा ना गं.

…काय म्हणतेय? नळ चालू असेल, ऐकू जात नसेल. जोरात थाप मार.

हो, हो… अगं ऐक ना, कंपनीची बाई म्हणून नाही बोलत मी. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस ना, ताई बाटल्यांतून विष विकते… ते राहू दे आता. हे फेसाचं भांडण नाहीच. फेस करणारं जे असतं ते एका टोकाने तेलाला धरतं, दुसऱ्याने पाण्याला, म्हणून तर मळ निघतो. आमच्या शाम्पूत आहे तसं तुझ्यातही आहे, नारळापासून केलेलं असलं तरी काम तेच. त्याची भीती नाही मला. तू जे घातलंच नाहीस, त्याची आहे.

प्रिझर्व्हेटिव्ह. शाम्पू नासू नये म्हणून घालतात ते… हो बाई, रसायनच. पण कोरफडीचा गर, वर एवढं पाणी, आणि महिनाभर कपाटात. जंतूंना आणखी काय हवं?… वास येत नाही म्हणून काय झालं? वास यायच्या कितीतरी आधी वाढतात ते. ताज्या टाक्यांच्या डोळ्यात गेले तर नजर जाईल तिची.

थाप मारतेयस ना?

…उघडलं? विचार, केसांना लावलाय का… नीट विचार.

तळहातावर घेतलाय नुसता. बरं… बरं. हात धुवायला सांग, वडी आहे ना तिथे, त्या साबणाने. आणि तोवर डोळ्याला हात लावू नको म्हणावं. केस तू धू, नुसत्या पाण्याने, मान मागे करून. मी खाली बसते जरा. 

…

हं, आहे. एक थेंबही नाही ना गेला? नक्की?… देवा.

रडू नकोस गं. वीसही जणींना फोन कर, बाटल्या परत घे. लाज कसली त्यात? संध्याकाळी येते मी, किती घालायचं ते दाखवते. अगदी जरासं लागतं. शाम्पू चांगलाच करतेस तू, हे कधी बोलले नाही तुला…

मला कसं कळलं म्हणजे? तू दिलेली बाटली होती ना माझ्याकडे. त्यातलं थोडं तपासायच्या काचेच्या ताटलीत घालून उबेत ठेवलं होतं, सोमवारी. ताटली जंतूंच्या ठिपक्यांनी गच्च भरून आली.

…कधी आली म्हणजे…

बुधवारी. सकाळी.

हो, आज शुक्रवार आहे. माहितीये मला.

…अगं, परवा रविवारी सगळे जेवायला येणार होते ना. तेव्हा आणणार होते ताटली. सगळ्यांसमोर ठेवणार होते, तुझ्या पुढ्यात… मला काय माहीत आई आजच केस… तिच्या हातात बाटली जाईल हे नाही आलं गं माझ्या डोक्यात. माझ्या डोक्यात फक्त तुझा चेहरा होता, सगळ्यांसमोर पडलेला.



…कोण? आई?

फोन स्पीकरवर होता?

…हो. बुधवारपासून माहीत होतं… हो, आई, मला.

आई, डोळे पुसू नकोस. ऐक माझं, हाताने पुसू नकोस गं… आई?

हॅलो?