पाचवा नकार

…नकारसुद्धा लेखी हवा म्हणे! लेखी, सहीशिक्क्यासह! तुम्हाला सांगते, आजवर मला इतक्या जणांनी नाही म्हटलंय, पण ते कागदावर घेऊन ठेवायचं असतं हे सुचलंच नाही… चुकलंच माझं. औषधांच्या कारखान्यात सहा वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासली, एकेकीची मुदत पाहिली, कारखान्याची तेवढी पाहायची राहिली. तो बंद पडला, मला बेकारभत्ता सुरू झाला, आणि आता हा नवा नियम! महिन्यात पाच ठिकाणी काम मागायचं, पाचही जणांनी नाही म्हणायचं, तेही लेखी, सहीशिक्क्यासह! नाहीतर भत्ता बंद. नवऱ्याचा पगार घरभाड्यातच संपतो, लेकीचं दूध येतं ते या भत्त्यावर… आता बोला!

बरं, लोक नाही म्हणतात हो, पण लिहून देतील तर शपथ! "अहो ताई, लिहायचं कशाला, वाईट दिसतं ते." वाईट दिसतं! दुसरा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात बघू." अरे, बघूवर शिक्का कुठे मारू?

कसेबसे चार जमवले. काल शेवटची तारीख, चारला भत्त्याच्या कचेरीतली खिडकी बंद, घड्याळात तीन, कडेवर लेक, आणि समोर एक लाँड्री. दारावर पाटीच होती, "कामासाठी विचारू नये." म्हटलं, देव पावला! इथे नकार हमखास.

आत गल्ल्यावर लाँड्रीवाल्या मावशी. काम आहे का विचारलं आणि लगोलग कागद पुढे केला, पेनासकट. त्या लिहिणार, एवढ्यात माझी खोड… समोर दांडीवर कोट टांगलेले. चिठ्ठीवर लिहिलंय निळा कोट, आणि चिठ्ठी लावलीय करड्याला, करड्याची निळ्याला! सहा वर्षांची सवय, तोंड गप्प राहतंय का? म्हटलं, "मावशी, या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय."

मावशींनी पेन खाली ठेवलं. "अगं, अशीच नजर हवी होती मला! सोमवार-गुरुवार, सकाळी दोन-दोन तास. येत जा."

आली का पंचाईत! कारण खिडकीवरच्या साहेबांनी बजावलं होतं, "बाई, आठवड्यात तासभर जरी काम केलंत तरी तुम्ही नोकरदार, भत्ता बंद. आणि मिळालेलं काम नाकारलंत तर तुम्ही आळशी, भत्ता तीन महिने बंद." मी विचारलं, मग मी करू काय? म्हणाले, "नियमात बसा." बसते की, जागा तर दाखवा!

आता नकार मावशींनीच द्यायला हवा ना? मग लागले स्वतःचे गुण सांगायला. "मावशी, मला रोज उशीर होतो. मी विसरभोळी आहे. लेक सारखी आजारी असते…" आणि जीभ चावली. आई आहे की वैरीण मी? लेक तिकडे गुटगुटीत, टाळ्या पिटतेय! मावशी म्हणतात, "किती खरं बोलतेस गं! हल्ली कोण एवढं सांगतं? तूच हवीस."

साडेतीन वाजले! मला रडूच फुटायचं बाकी. शेवटी नाटक सोडलं आणि पोटातलं होतं ते बोलून टाकलं, "मावशी, दोन तासांनी नाही हो भागत आमचं. पूर्ण दिवसाचं काम द्या ना. महिन्याच्या पगारावर. एक चिठ्ठी चुकू देणार नाही, खरंच."

मावशींचं हसू कुठल्या कुठे! कागद ओढला, लिहिलं, "काम नाही." सही केली, शिक्का मारला, वर फुंकर घालून शाईसुद्धा वाळवून दिली.

चारला पाच मिनिटं असताना खिडकी गाठली. साहेबांनी पाचही कागद मोजले आणि म्हणाले, "छान! अशीच मेहनत चालू ठेवा."

ठेवते की! आता पुढच्या महिन्याची काळजी नाही मला. महिनाभर उगाच लोकांच्या हातापाया पडत होते हो… नकार हवा असेल तर नकार मागायचाच नाही. मनापासून, पूर्ण दिवसाचं काम मागायचं. हातोहात मिळतो. लेखी, सहीशिक्क्यासह!