हिरव्या पाकिटातली हवा

हलकं? हलकं कसं लागेल, वहिनी — द्या बघू इकडे — अहो, तसं दाबू नका, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून वर ठेवलेलं पाकीट आहे ते, चेपायचं नसतं त्याला. हां, ठेवा. जुनं झालं की हलकं होतंच हे, आतले मक्याचे कुरकुरे सुकतात, खोबऱ्याचा वास उडून जातो, माणूस नाही का पेन्शनीत गेला की वाळत? आणि मशीनही त्यातलं थोडं थोडं ओढून घेतं. हसू नका! माझा मेहुणा शिंचूला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात होता, तिथे कुणा नवशिक्यानं यंत्रावर हिरव्याऐवजी पिवळं पाकीट ठेवलं — सगळी यंत्रं ठप्प. साहेब आले, इंजिनिअर आले, उदबत्त्या लागल्या, काही नाही. शेवटी हिरवं आणून ठेवलं, तर यंत्रांनी अशी उचकी दिली म्हणे, की शेजारच्या इमारतीतले दिवे लागले! पाकिटाचं नावच मुळी ‘गुणी बाळ’, त्याच्यासमोर कुठलं मशीन हट्ट करणार? पण हे मी तुम्हाला काय सांगतोय — तुमच्या ज्येनदादांनी स्वतःच्या हातानं ठेवलेलं ना हे, त्यांच्या या मशीनवर.

ते राहू द्या, इकडे मागून बघा. निळ्या जिभांचे यूएसबी पोर्ट दिसतायत? हे आपले नवे, वेगवान. काळ्या जिभेचे जुने तसेच ठेवलेत, माउसला चालतील. दादांच्या बाहुल्यांचे सगळे खेळ, ती सगळी रेकॉर्डिंगं त्या जुन्यातून डिस्कवर न्यायची म्हणजे दूध-चहातले साबुदाण्याचे गोळे सुईतून ओढण्यातला प्रकार — तिकडे लेक ताइनानच्या गाडीत बसायची वेळ झाली असती आणि इकडे निम्मंही उतरलं नसतं. तिथल्या देवळातला खेळ परवा, आणि दादांचे आवाज नाहीत म्हटल्यावर पोरगी नुसत्या बाहुल्या हलवून काय करणार? वरच्या मजल्यावरचे दुकानदार तुम्हाला म्हणाले असतील, आजी, हे भंगारात द्या, नवं घ्या. मी म्हटलं, नाही — मदरबोर्डवर एक खाच रिकामी आहे, त्यात नव्या पोर्टांचं कार्ड बसवू, म्हाताऱ्याला नवे दात! आता ही डिस्क लावली, की बघा —

थांबा. काढून परत लावतो. कधीकधी लाजते पहिल्यांदा.

दिसत नाहीये. नाही नाही, पाकिटाकडे बघू नका, पाकिटाचा काय संबंध — वरची कड? काय झालं वरच्या कडेला? वितळल्यासारखी? ऊन लागलं असेल. हो, दुकान तळघरात आहे, तेही खरंच. मग उंदीर. या इमारतीत उंदीर आहेत, वहिनी, एवढे — मागच्या वर्षी एकानं माझा कीबोर्ड — उंदीर वितळवत नाही. बरोबर. उंदीर कुरतडतो.

खाल्लं. मी खाल्लं, वहिनी.

उभ्या का राहिलात, बसा ना. त्याचं असं झालं, डबेवाला आला नव्हता, कॅबिनेट उघडलं होतं, धूळ झाडायला पाकीट खाली घेतलं, तर तारीख उलटून गेलेली. मुदत संपलेलं पाकीट मशीनवर ठेवणं म्हणजे अपशकुन, सगळ्या धंद्याला ठाऊक आहे, तेव्हा ते बदलणं माझं कामच — हो ना? — आणि टाकायचंच आहे तर एखादं तोंडात टाकून बघू म्हटलं. मऊ पडलं होतं. चव नव्हतीच. म्हणजे संपवलं मी सगळं, पण चव नव्हती. आणि तेवढ्यात तुमचा फोन. “लायभाऊजी, हवं ते बदला, फक्त पाकीट हलवू नका, शेवटचे इस्पितळात गेले त्या सकाळी ह्यांनी ठेवलंय.” मी काय म्हणालो तुम्हाला? “छे हो, वहिनी, कशाला हलवतोय.” तोंडात शेवटचा घास होता माझ्या. भरल्या तोंडाचा आवाज ऐकू आला असणार तुम्हाला.

नवं आणलं होतं मी, ते बघा टेबलावर. पण त्यावर यंदाची तारीख, तुम्ही ओळखलं असतं, आणि नसतं ओळखलं तरी — मग कचऱ्यातून हेच काढलं, पुसलं, तोंडानं फुंकून फुगवलं आणि सोल्डरिंग गननं कड चिकटवली. बोट भाजलं, बरं झालं. आत हवा आहे, वहिनी. माझी. या दुकानात दुसरं काय मिळतं? दादा मात्र त्या स्टुलावर बसून माझ्या सगळ्या थापा खऱ्या धरून ऐकायचे, वर विचारायचे, “मग पुढे काय झालं रे, लाय?”

शिवी तरी द्या. — मी आपला हे उघडून बघतो, हाताला काम हवं. हे काय? ही कार्डाची विजेची वायर, लोंबकळतेय नुसती! कार्ड खाचेत बसवलं आणि त्याला वीजच दिली नाही मी. बोटं तेलकट झाली होती, पुसायला उठलो, तेवढ्यात फोन, आणि मग त्या पाकिटाच्या मागे — मशीनचं काही चुकलं नव्हतं हो. बंद करतो, ही लावली, आता चालू — आली! बघा, डिस्क आली! कसं धावतंय बघा, चहा होईपर्यंत संपेल, पोरीला फोन करा. एक फाइल लावून बघू, नीट उतरतंय ना —

दादाच. खोकला तोच. खेळाआधी मशीनला सांगायचे वाटतं हे रोज? “गुणी राहा हं, बाळा. मध्येच झोपू नकोस. आणि त्या पाकिटाला कुणी हात लावायचा नाही, भूक लागली तरी —”

काय? बंद नको करायला? बरं. आवाज वाढवू?

ते पाकीट परत मशीनवर ठेवताय? तेच? अहो, त्यात काही नाहीये, वहिनी, नुसती माझी —

बरं. ठेवा. ऐका तुम्ही. मी नाही बोलत.