चटणीवरचं तेल

१९४९ साली नंदुरबार स्टेशनावर सुरतेच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातातल्या फडक्यात ट्रॅक्टरच्या पंपाचं एक झिजलेलं चामडी वायसर, म्हणजे वॉशर, होतं. ते त्यांनी आजींना दाखवलं.

“हाई झिजनं म्हनीसन तेल गळस. मंग ट्रॅक्टरना नांगर वर टिकत नही, खाले बसस.”

“पन तुम्ही तं दुरुस्त करं व्हतं.”

“माले बी पहिले तसंच वाटनं. जमिनवर थेंब दिसत नव्हता.”

“मी पुसत व्हती. रोज सकायले, तुम्ही उठाना पहिले.”

“कसाले?”

“सारा गावले सांगत व्हतात, मी सोता दुरुस्त करं. तुमनं तोंड उतरतं ना.”

“नि पंपमा तेल कमी नही व्हयनं?”

“भरत व्हती. घरनं. भुईमुंगनं.”

“माले माहीत व्हतं.”

“अय माय! कसं?”

“ट्रॅक्टर तपना का भज्यांना वास येत व्हता. नि तू महिनाभर चटणी कोरडी खाई ऱ्हायनी व्हती.”

“मंग बोलनात का नही?”

“तू इतला जीव लाईसन लपाडत व्हती. मी कोनता तोंडे बोलू?”

खिडकी आली. तिकिटाचे पैसे काढताना आजोबांच्या पिशवीतून एक छोटी बाटली डोकावली.

“आते हाई तेल कसाले आनं? वायसर तं नवं लेनं शे.”

“ट्रॅक्टरले नही. गाडीमा भाकर सोडशी, तवय तुन्ही चटणीवर टाकाले.”